वरच्या पोटाची सोनोग्राफी

मंदाकिनी पेंडसे शाळेच्या ग्रंथालयात आयुष्यभर "आवाज कमी" एवढंच बोलल्या असाव्यात. निवृत्तीनंतर घरातही त्यांनी आपला आवाज कमीच ठेवला. लग्न केलं नाही. राहणं धायरीला, भावाच्या फ्लॅटमध्ये आणि त्यामुळे सुशीलावहिनींच्या राज्यात. तिथे पाळी आलेली बाई अजूनही स्वयंपाकघराबाहेर बसते. मंदाकिनीबाईंची पाळी गेली, तसा वहिनींनी गौरींचा नैवेद्य त्यांच्यावर सोपवला. "आमच्या वन्संसारखी पुरणपोळी कुणाची नाही," असं त्या चारचौघांत सांगायच्या.

यंदा गौरींच्या आदल्या दिवशी पुन्हा रक्त दिसलं. पाहुणे बोलावलेले, पुरण शिजत घातलेलं. बाई गप्प राहिल्या, पोळ्या लाटल्या, नैवेद्य दाखवला. तेव्हापासून त्यांना देवघरासमोर उभं राहायची लाज वाटू लागली. दिवाळी आली तरी रक्त थांबेना. भीतीने झोप उडाली, तेव्हा डॉक्टरांकडे गेल्या आणि तिथे म्हणाल्या काय, तर "पोटात जळजळतं." डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी वरच्या पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. एवढी पुस्तकं हाताळलेली बाई, पण स्वतःच्या गर्भाशयाचं नाव तोंडातून निघेना.

सोनोग्राफीला सोबत वहिनी आल्याच. पडद्यापलीकडे खुर्चीवर बसल्या. डॉक्टर पूर्णिमा यांनी पोटावर गार जेल लावून यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं पाहिली.

"सगळं छान आहे. उठा आता."

"ऐकलंत ना, वन्सं? उगाच घाबरता," पलीकडून वहिनी म्हणाल्या.

मंदाकिनीबाई उठल्या नाहीत. आता उठलं तर पुन्हा यायचं धैर्य होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"डॉक्टर, गर्भाशय बघाल का? रक्त जातंय. पाळी केव्हाच थांबली होती."

"कधीपासून जातंय?"

पडद्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "गौरींपासून."

डॉक्टरांनी सोनोग्राफीची चिठ्ठी पुन्हा पाहिली. "हे या वयात अंगावर काढायचं नसतं. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते. भरपूर पाणी पिऊन बाहेर बसा, लघवीला जाऊ नका. मग बघू."

बाहेर बाकावर वहिनी त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"इतके दिवस?" त्या म्हणाल्या. "मला एकदा सांगायचं होतंत."

"तुम्हाला कसं सांगणार होते, वहिनी?"

टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. वहिनी उठल्या आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आल्या.