डबा न घेता वाडीला

उमरेडहून नागपूरपलीकडच्या वाडीला जायला दोन बस लागतात. एकोणीस वर्षांत ही वाट मला पाठ झाली आहे. या बुधवारी मात्र पिशवीत डबा नव्हता, आणि त्यामुळे घराला कुलूप लावतानाच जीव थाऱ्यावर नव्हता.

लग्न झाल्यापासून माझी लेक शालू वाडीला राहते. आमच्यात रीत आहे की लेकीला मूल झाल्याशिवाय आईनं तिच्या घरी जेवायचं नाही. शालूला मूल झालं नाही. म्हणून मी दर खेपेला भाकरी आणि झुणका बांधून नेत होते, नागपूरच्या बसस्टँडवर बाकावर बसून खात होते आणि मग तिच्या घरी जात होते. तिथं चहासुद्धा नाही. ती माहेरी आली की मी तिला चुलीला हात लावू देत नव्हते. म्हणजे शालू कसा स्वयंपाक करते हे तिच्या शेजाऱ्यांना माहीत होतं, मला नाही.

दोन महिन्यांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली. दवाखान्यात मीच होते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "बुधवारी ये, अन् डबा आणू नको. आणशीन तं दारातूनच परत जाय."

बसमध्ये खिडकी मिळाली. रस्त्यानं कोळशाचे ट्रक चालले होते, कडेची बाभळीची झाडं काळी पडली होती. पुढं तुरीची शेतं लागली. थंडी होती तरी मी काच उघडी ठेवली. शेजारी बसलेल्या बाईनं शालीत तोंड लपवलं आणि विचारलं, "कुठं चालल्या आजी?"

"लेकीकडं."

"नातवंडं किती?"

"एकबी नाही."

"मंग जेवता कशा तिथं?"

"तोंडानं," मी म्हटलं.

तिनं शाल आणखी ओढून घेतली. म्हणायला सोपं होतं. माझे हात चाळा शोधत होते. जन्मभर कांड्या (मागावर लागणारी सुताची रिळं) भरल्यामुळे हात रिकामे राहिले की मला बसवत नाही. पदराचा एक दोरा निघाला होता, तो ओढून ओढून मी चांगला वीतभर उसवला.

नागपूरला उतरले. तो बाक दिसला. त्यावर एक माणूस आडवा झाला होता. भूक लागली होती, पण सांभार-वडीच्या (कोथिंबीर भरलेल्या तळलेल्या वडीच्या) गाडीकडे मी पाहिलं नाही. पोट भरून गेले असते तर शालूनं तोंड पाहूनच ओळखलं असतं.

दुसऱ्या बसमध्ये ध्यान नव्हतं. वाडीचा नाका मागं गेला आणि मी गोदामांच्या पलीकडे उतरले. दोन्हीकडे ट्रकच ट्रक. टायरचं पंक्चर काढणारा माणूस म्हणाला, "आजी, इथं काहून (का) उतरल्या? नाका तं मागं रायला."

"चुकले."

"थांबा, ऑटो येईन."

"पाय आहेत मले," म्हटलं आणि धुळीतून मागं चालत आले. परत जायची बसही त्याच बाजूला थांबत होती. एक आली, थांबली, गेली. मी चढले नाही, एवढंच.

शालूनं दार उघडलं ते आधी माझ्या पिशवीकडे पाहत. पिशवी चपटी होती. "बस," ती म्हणाली. जावई गोदामात कामाला गेले होते. खोलीत तेलाचा वास भरला होता. मी कोथिंबीर निवडायला घेतली.

"ते ठेव खाली."

"हात रिकामे राहत नाही माह्ये."

"मंग मांडीवर ठेव त्याइले."

तिनं वडाभात केला होता. भरड्याचे (जाडसर दळलेल्या डाळींच्या पिठाचे) वडे गरम भातावर कुस्करले, वरून मोहरी आणि लाल मिरच्यांचं कडकडीत तेल ओतलं, बाजूला कढी ठेवली. ताट माझ्यासमोर सरकवलं आणि समोर बसली.

माझा हात उठेना. शालूला वाटायचं, मी तिला कमी लेखते. तसं नव्हतं. मी जेवले असते तर नातवंड होणार नाही असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. न जेवता मी ती गोष्ट धरून ठेवली होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

"आई," ती म्हणाली, "डॉक्टरनं सांगतलं तवा तू तिथंच होती. आता कोणाची वाट पाहून रायली?"

मी घास घेतला. मग दुसरा. तिखटानं नाक वाहू लागलं.

"कढी पातळ झाली," मी म्हटलं.

"एकोणीस वर्सांनी जेवून रायली अन् नावं ठेवून रायली!"

"पातळ तं पातळच म्हणीन. वडा चांगला आहे. कोणापाशी शिकली?"

"शेजारच्या काकूपाशी. तुले काय विचारू? तू चाखल्याबिगर काय सांगणार होती?"

मी ताट पुढं केलं. तिनं आणखी भात वाढला, आणि मग स्वतःचं ताट घेऊन माझ्याशेजारी बसली.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा होती, तरी मला दोनदा उठून परत तिच्याकडे जावंसं वाटलं. पोट भरलं की जीव शांत होतो म्हणतात, माझा झाला नाही. वाटेत मी त्या जेवणाचाच विचार करत होते. कढी पातळ होती, पण वड्याला जी चव होती ती माझ्या हाताला कधी आली नाही. लेक आपल्यापेक्षा चांगलं रांधते, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. रीत जुनी होती, ती मी केली नव्हती. पण दर खेपेला बाकावर पोट भरून मग तिच्या दारात जाणारी मीच होते.