याकिमोची आणि बंदुकीचा परवाना

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षांत सेंदाई शहराच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत रानडुकरं फार माजली. गावं सोडून गेलेली माणसं परतली नव्हती, शेतं ओस पडली होती. आमचे प्राध्यापक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सेन्सेई म्हणायचो, हिवाळ्यात शनिवारी तिकडच्या गावकऱ्यांबरोबर शिकारीला जात. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसायचा माझा सहकारी. पुण्याचाच, माझ्याहून बराच लहान, लॅबमध्ये माझ्यानंतर आलेला. सोमवारी तो डोंगरातल्या गमती सांगायचा आणि सेन्सेई मान मागे टाकून हसायचे. माझ्या बोलण्यावर ते तसे हसल्याचं मला आठवत नाही.

म्हणून मी बंदुकीचा परवाना काढायचं ठरवलं. डुकरांशी मला काही देणंघेणं नव्हतं. घरात पाल निघाली तरी मी बायकोला हाक मारतो. मला ती सीट हवी होती.

"पिस्तूलच घ्या ना सर, खिशात मावेल," सहकारी म्हणाला. जपानमध्ये साध्या माणसाला पिस्तूल मिळत नाही, मिळाली तर छऱ्याची लांब बंदूक, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "आणि परवान्याआधी पोलिसांचा वर्ग असतो, तो सोपा नाही हां. तुम्ही जपानी कांजी अक्षरं दिसली की चष्मा पुसायला घेता."

पोलिसांचा तो वर्ग दिवसभर चालला. आजूबाजूला बहुतेक म्हातारे शेतकरी होते. शिकवणारे गृहस्थ पुस्तक वाचून दाखवत आणि एखाद्या वाक्यापाशी थांबून घसा खाकरत, म्हणजे ते वाक्य परीक्षेत येणार. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कपाटात. उचललीत की आधी उघडून नळी रिकामी आहे ना ते बघायचं, मघाशीच बघितलेलं असलं तरी. संध्याकाळी परीक्षा, नुसतं चूक की बरोबर. पण वाक्यं अशी वळवलेली की एका शब्दाने अर्थ पालटावा. मी पास झालो. सहकारी पहिल्या खेपेला नापास झाला होता. निकाल ऐकताना मला आधी तेच आठवलं, आणि फार बरं वाटलं.

पुढे नेमबाजी शिकायची, पण तिच्या परवानगीआधी पोलीस माणसाची चौकशी करतात. डॉक्टरचा दाखला झाला. शेजाऱ्यांकडे विचारपूस झाली. मग बायकोला फोन आला. ती जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात अर्धवेळ काम करायची, तिचं सगळं जपानी तिथलंच.

"काय काय विचारलं?" मी घरी आल्या आल्या म्हटलं.

"दारू पितो का, घरात आरडाओरडा करतो का. मी सगळं चांगलंच सांगितलं. शेवटी म्हणाला, नवरा याकिमोची भाजतो का? मी म्हटलं, हो, फार! थंडीत तर रोजच."

याकिमोची म्हणजे चिकट तांदळाची भाजलेली वडी, ती मी खरोखरच भाजायचो. पण एखादा माणूस याकिमोची भाजतो असं जपानी लोक म्हणतात, तेव्हा तो मत्सराने जळतो असा अर्थ असतो.

"अगं, मी मत्सरी आहे का असं विचारलं त्याने!"

तिने तोंडावर हात ठेवला. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मग काय खोटं सांगितलं मी?"

पोलीस ठाण्यात माझी मुलाखत झाली तेव्हा मी आधी तो घोटाळा समजावून सांगितला. अधिकारी खो खो हसला. शेजारच्या टेबलावरच्यालाही त्याने तो ऐकवला आणि कागदावरची ओळ खोडली. मग विचारलं, बंदूक कशाला हवी?

"शेतीचं नुकसान कमी करायला," मी पाठ केलेलं म्हटलं.

"कोणत्या गावची शेती?"

मला गावाचं नाव माहीत नव्हतं.

"कोणाबरोबर जाणार?"

"सेन्सेईंबरोबर."

"त्यांनी बोलावलंय?"

"नाही. माझा सहकारी जातो त्यांच्याबरोबर. नेहमी तोच जातो."

शेवटचे शब्द मी मोठ्याने बोललो असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्याने वर बघितलं. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. अगदी हळू आवाजात म्हणाला, "आम्ही अर्ज नाकारण्यापेक्षा तुम्हीच मागे घेतलात तर बरं."

मी मागे घेतला. घरी येताना बसमध्ये मला लाज वाटली ती अर्ज गेल्याची नाही. त्या अनोळखी माणसाला मी इतक्या सहज दिसलो याची वाटली.

सोमवारी सहकाऱ्याला सांगितलं की परवान्याचं काही जमलं नाही. कारण सांगितलं नाही. त्याला मनापासून वाईट वाटलं, तेही मला सहन होईना.

"अहो सर, मग बंदुकीशिवाय या की! डुकरं हाकायला माणसं लागतातच. आरडाओरडा करायचा, बस. त्याला कसला परवाना? आत्ता विचारतो सेन्सेईंना, माझा शब्द नाही टाळायचे ते."

तो उठलासुद्धा. मी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"नको," मी म्हटलं. "शनिवारी मला काम असतं."

काही काम नसतं. त्यानंतर त्याने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी हेच सांगितलं. मग त्याने विचारणं सोडलं.