दोराच्या आतली जागा

मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी उन्हात टाकलेल्या चादरी आत आणून घड्या घालत होते. फोनवर माझी धाकटी जाऊ होती. "वैनी, हे गेले ओ..." एवढंच बोलून ती रडायला लागली. मी "येते" म्हणाले, उरलेल्या चार चादरींच्या घड्या पुऱ्या केल्या, कपाट लावलं आणि मग निघाले. रडू आलं नाही. याला आता पाच आठवडे होतील, अजूनही आलेलं नाही.

नातवंडांनो, तुम्ही मेलबर्नला बसून फोनवर पेपरची ही रविवारची पुरवणी वाचता हे मला ठाऊक आहे. मागच्या रविवारी हिच्यातच तुमच्या मन्मथआजोबांवर त्यांच्या तीन मित्रांनी लिहिलं. आपल्या गावाला त्यांनी नाचायला शिकवलं, असा एकूण सूर. क्लबातल्या त्या रात्रीचं तिघांनीही रसभरीत वर्णन केलंय, आणि तिघांपैकी एकानंही तुमच्या आईचं, माझ्या गिरिजाचं, नाव काढलेलं नाही. म्हणून मी लिहायला बसले. आई फोन नेहमी उजव्याच कानाला का लावते, असं तुम्ही लहानपणी विचारायचात. तिचा डावा कान मन्मथआजोबांमुळं गेला, असं मी सांगत आले. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. पुरतं सांगायला आधी माणूस जावा लागला, याची मला लाज वाटते.

मन्मथ माझा सर्वांत धाकटा दीर. वयानं बराच लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करी. मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, लग्न होऊन या लिंगायत वाण्यांच्या घरात आले आणि इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागले. घरचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी बोलताना सोडलं तर आमच्याकडे कुणी आवाज चढवत नसे. मन्मथचं मन दुकानात रमलं नाही. रेडिओ उघडून बसायचं, आयटीआयचा कोर्स अर्धवट सोडायचा, असं करत करत त्यानं साउंड सर्व्हिस काढली. लग्नं, जयंत्या, मिरवणुका. त्या वर्षांत गावात केबल आली होती, छपरांवर डिश आल्या होत्या, पानटपरीवर थंडपेयांचे फ्रीज आले होते, आणि लग्नात जेवणाच्या आधी लोक विचारायला लागले होते, "किती बॉक्स हायेत?" स्पीकरचे जितके बॉक्स तितकी इज्जत. मन्मथचं सगळं शिक्षण उघड्यावर झालेलं, म्हणजे बाजारतळावर नाहीतर शेतातल्या मांडवात. उघड्यावर आवाज पसरतो आणि विरतो. चार भिंतींत कोंडला तर तो जाणार कुठं, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

एके दिवशी तो माझ्याकडे एक कॅसेट घेऊन आला. पुण्याच्या कुणा मित्रानं दिलेली, वर पेनानं इंग्रजीत लिहिलेलं.

"वैनी, तुमी इंग्रजी शिकवता. काय लिव्हलंय ह्याच्यावर?"

"हार्डकोर."

"म्हंजे?"

"कठीण गाभा. आंब्याची कोय असते तसा."

"मंग बराबर हाय," तो हसला. "रस न्हाईच ह्याच्यात. निस्ती कोय. पण पोरं येडी होतेत वैनी, येडी!"

त्यानं ती लावून दाखवली. शब्द नाहीत, चाल नाही. कुणीतरी पत्रा ठोकत सुटलाय आणि त्याला थांबवायला घरात माणूस नाही, असा तो प्रकार. मी बंद कर म्हणाले. तो म्हणाला, "हे ऐकायचं नस्तंय. अंगात घ्यायचं अस्तंय." माझ्या आयुष्यात मी ऐकलेलं ते सर्वांत मूर्ख वाक्य, असं तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

गावात निजामाच्या वेळचा एक क्लब होता. लांबट हॉल, वर पत्रे, पत्त्यांची टेबलं. नव्या सभासदांना तिथं पुण्यासारखी नाचाची पार्टी करायची होती आणि मन्मथनं ती अंगावर घेतली. तुमची आई तेव्हा बारावीला होती. काकावर तिचा जीव. जाऊ दे म्हणून तिनं माझ्यामागे आठवडाभर लकडा लावला. शेवटी मी परवानगी दिली आणि दहा वाजता स्वतः न्यायला येईन असं सांगितलं.

बरोबर दहाला मी क्लबच्या दारात होते. बाहेर राजदूत आणि एम-एटी गाड्यांची रांग, उमापूर-चकलांब्याकडून पोरं भरून आलेल्या दोन जीपा. आवाज वस्तीपर्यंत जाऊन फौजदार येऊ नये म्हणून खिडक्यांत सरकीची पोती आणि गाद्या कोंबलेल्या. दारावर माझाच एक जुना विद्यार्थी होता.

"मॅडम, तुमी? कावून आलात?"

"गिरिजाला न्यायला."

"आत लई गरम हाय, मॅडम. तुमी थांबा, म्या बोलावतो." तो आत गेला आणि लगेच कानावर हात धरून परतला. "न्हाई जमत. म्या बोललेलं मलाच ऐकू येईना!"

मग मी आत गेले. तुमच्या मन्मथआजोबांच्या मित्रांनी लिहिलंय की त्या हॉलमध्ये स्वर्ग उतरला होता. मी पाहिलं ते सांगते. माणसाला माणूस चिकटलेला. पत्र्यावरून घामाचं पाणी टपकत होतं. खोबरेल तेल, दारू आणि जनरेटरचा धूर यांचा मिळून एक वास. एक लाल दिवा लागत-विझत होता आणि प्रत्येक वेळी लागला की तीच पोरं त्याच जागी उड्या मारताना दिसत, डोळे मिटलेले, तोंडं उघडी. शाळेत ज्यांना मी बाकावर उभं केलं होतं त्यांतलीही होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आवाज कानांत शिरत नव्हताच, तो दातांत शिरत होता, मंगळसूत्राचे मणी गळ्यावर थरथरत होते. माणसं याला आनंद म्हणतात हे मला मान्य नाही. एकत्र येऊन एकटं व्हायचं, त्यासाठी तिकीट काढायचं... मला ते कधी कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.

कोपरानं वाट काढत पुढे गेले. स्टेजच्या डाव्या अंगाला दोर बांधून जागा केली होती, खाली गादी घातलेली, आत पाच मुली. दोराला लागूनच दोन पुरुष उंचीचे बॉक्स. गिरिजा सगळ्यांत कडेला होती. तिचा डावा खांदा बॉक्सच्या जाळीला घासत होता. केस सुटलेले, ओढणी कमरेला बांधलेली, आणि ती हसत होती. असं हसताना मी तिला घरात कधी पाहिलं नव्हतं, हेही लिहून टाकते.

मन्मथ टेबलामागे उभा होता. मी त्याला हातानं खूण केली, कमी कर. त्यानं मला पाहिलं. छातीवर हात ठेवून वाकला, मग गर्दीकडे बोट दाखवलं आणि आवाजाचं बटण पुढं सरकवलं. गर्दीनं आरोळी ठोकली. त्या पोरांसमोर त्यानं माझी थट्टा केली.

मी गिरिजाला दंडाला धरून बाहेर काढलं. रस्ता सामसूम होता आणि त्या सामसुमीत ती ओरडत होती, "आई, मोठ्यानं बोल ना! काय म्हणतेस?" मी काहीच म्हणत नव्हते. सकाळी म्हणाली, डाव्या कानात शिट्टी वाजतेय. शिट्टी पंधरा दिवस वाजली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी औषधं दिली, यंत्र लावून तपासलं आणि आतली नस गेली असं सांगितलं. शिट्टी थांबली तेव्हा त्या कानात दुसरंही काही उरलं नव्हतं.

मी मन्मथला बोलावून घेतलं. तुमचे सख्खे आजोबा शेजारी बसले होते. "या घराची पायरी पुन्हा चढायची नाही," मी म्हणाले. तो मान खाली घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. मीही त्यानंतर त्याच्याशी बोलले नाही, सव्वीस-सत्तावीस वर्षं. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर मी पदर सावरून आत जाई. त्यानं धंदा सोडला नाही, उलट बॉक्स वाढवले. फक्त मिरवणूक आमच्या दाराशी आली की आवाज बंद होई आणि चौक ओलांडल्यावर पुन्हा सुरू होई. लोक म्हणत, मॅडमला घाबरतोय. मला तो सगळ्या गल्लीसमोर केलेला अपमान वाटे.

आता उरलेलं.

परवानगी देताना मी एक अट घातली होती. आपल्याकडे कीर्तन असो की शाळेचं गॅदरिंग, बायकामुलींची जागा पुढं, स्टेजच्या अंगाला, दोर बांधून वेगळी. मागच्या गर्दीत मुली उभ्या राहत नाहीत. शाळेत ती शिस्त मीच लावली होती. मन्मथला मी तेच सांगितलं.

"वैनी, तिथं बॉक्स हायेत," तो म्हणाला.

"मग बॉक्स हलव."

"न्हाई हलत. वायरी तेवढ्याच हायेत. पोरीला माझ्यामागं टेबलापाशी बसवतो की."

"तू तिथं दहा पोरं घेऊन उभा असणार. चालणार नाही. दोराच्या आत, पुढं. नाहीतर गिरिजा येणार नाही."

"आवाज लई लागंल वो तिथं."

"आवाजानं कुणाची अब्रू जात नाही," मी म्हणाले.

आपल्या घरची मुलगी आली नाही तर बाकीच्या चार घरांनीही पाठवल्या नसत्या. त्यानं मान हलवली आणि दोर बांधला. नंतर मी त्याला घराबाहेर काढलं तेव्हा हे सगळं तो बोलू शकला असता. तुमच्या आजोबांसमोर एक वाक्य पुरलं असतं. मी त्या वाक्याची वाट बघत होते, आणि ते आलं नाही म्हणून माझा राग आणखी वाढला.

आमच्यात पुरतात. घरच्या सगळ्यांनी मूठमाती दिली, मीही दिली. गिरिजा मेलबर्नहून विमानानं चौथ्या दिवशी पोचली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, काकांच्या दुकानात जाऊन येऊ. मी त्या दुकानात पहिल्यांदाच पाय ठेवला. उघडे अँप्लिफायर, वायरींची भेंडोळी, आणि टेबलाच्या टोकाला, भिंतीला अगदी खेटून, फरशीत बोल्टनं पक्कं केलेलं एक लोखंडी स्टूल. गिरिजा सरळ जाऊन त्यावर बसली.

"तू इथं यायचीस?" मी विचारलं.

"दर वेळी. काकांनी माझ्यासाठी ठोकून घेतलं होतं हे. दुसरं कुणी बसलं की म्हणायचे, ऊठ बे, आमच्या पोरीची जागा हाय ती."

मी उभीच होते. म्हटलं, "गिरिजा, तो दोर मी बांधायला लावला होता."

"माहीत आहे."

"त्यानं सांगितलं?"

"काका? काका मेले तरी सांगणार नाहीत," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळताच टेबलावरची एक वायर गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "मी माजघरात होते, आई. तुमचं सगळं बोलणं ऐकलं. तेव्हा दोन्ही कान होते माझे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू काकांना माफ करशील म्हणून थांबले होते. म्हटलं, आधी ते होऊ दे. मग मी तुला करीन."

त्या बटणाबद्दल मी मन्मथला अजूनही माफ केलेलं नाही. खूण पाहूनही ते ज्यानं पुढं सरकवलं तो हात त्याचा होता, माझा नव्हे. पण मला गिरिजापाशी एक गोष्ट बोलायची होती आणि ती तिला ऐकू जायला हवी होती. घरात आम्ही कुणीही, मीसुद्धा, विसरून तिच्या डावीकडून बोलतो आणि मग चिडून पुन्हा बोलतो. इथं डावीकडे भिंत होती. त्या स्टुलावर बसलेल्या माणसाशी बोलायचं तर उजवीकडेच उभं राहावं लागेल, दुसरी जागाच नाही, असं मन्मथनं करून ठेवलं होतं.

मी टेबलाला वळसा घालून तिच्या उजवीकडे गेले.