पोरीचा हात बसवताना

तेव्हा मी लातुरात गणिताचे क्लास घ्यायचो. भूकंपाला जेमतेम वर्ष झालेलं, अन् गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागलेल्या. माझी मुलगी सातवीत होती, स्कॉलरशिपची परीक्षा तीन आठवड्यांवर. ती पहिली येणार, असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो. तेवढ्यात ती सायकलवरून पडली अन् डावा हात मोडला. "उजवा वाचला, लिहिता येईल," हे माझं पहिलं वाक्य. थू माझ्या जिनगानीवर!

डॉक्टर म्हणाले, हाड सरकलंय, थोडी भूल देऊन बसवू. मी म्हणालो, भूल नको. माझ्या क्लासात भूकंपातल्या गावची एक मुलगी यायची. ऑपरेशन झाल्यापासून तिला साधे पाढे आठवत नव्हते. लोक म्हणायचे, भुलीनं डोकं गेलं. मीही "हाव, खरं हाय" म्हणालो. आई-बाप ढिगाऱ्यात गेलेल्या लेकराला पाढे कशाचे आठवतील, एवढं गणिताच्या मास्तरला कळू नये!

डॉक्टरांनी दोनदा समजावलं. "मास्तर, भुलीनं असं काही होत नसतं. लई दुखंल तिला."

"दोन मिनिटांचं तर काम हाय," मी म्हणालो आणि भूल नको म्हणून लिहून दिलं.

नर्सनं पोरीचा दंड धरला, डॉक्टरांनी मनगट ओढलं. मी तिला म्हणालो, "एकोणतीसचा पाढा म्हण, लक्ष तिकडं जाईल." तिनं सुरू केला. मध्यावर आली अन् अशी किंचाळली की बाहेरची माणसं दारात आली. आणि मी, हलकट माणूस, म्हणालो, "पुढं?"

तिनं पुढं म्हटलं. स्कॉलरशिपही मिळाली. मी पेढे वाटले. त्या दिवसाचा शब्दही तिनं कधी काढला नाही, आणि पोरगी विसरली असं मी खुशाल धरून चाललो.

आता ती नांदेडला असते. गेल्या वर्षी नातीचं टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेकरू झोपेपर्यंत घरचं कुणीतरी एक जण आत या." जावई औषधं आणायला गेलेले. लेकीला रक्ताचा वास आला तरी चक्कर येते, म्हणून मीच उठलो.

लेकीनं माझा हात धरून मला परत बाकावर बसवलं.

"बाबा, तुम्ही नका. तुम्ही बाहेरच थांबा."

रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती हळू म्हणाली, दुखणाऱ्या माणसाशी बोलावं तशी. मग नातीला कडेवर घेऊन ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.