नाना पायी जातात

उखर्डू नानांनी पोटच्या पोरीला "कोन पाहिजे बाई?" असं विचारलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात तशी नूतन पाचोऱ्याहून आली. ओट्यासमोर उभी राहिली, पिशवी खाली ठेवली आणि मुद्दामच काही बोलली नाही, नानांची गंमत करायला. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना समोर नुसता एक हिरवा ढग दिसला, म्हणून त्यांनी विचारलं. नूतन आधी हसली. मग जी रडायला लागली ती थांबेचना. नानांच्या बायको सुनंदाबाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या, बघतात तर बाप ओट्यावर मान खाली घालून बसलाय आणि लेक दारात रडतेय.

जळगावच्या डोळ्याच्या डॉक्टरने सरळ सांगितलं, "ऑपरेशन पंधरा मिनिटांचं आहे बाबा, पण एवढ्या साखरेत मी डोळ्याला हात लावणार नाही. आधी साखर खाली आणा. रोज पाऊण तास चाला."

चाला! नानांना हसूच आलं. अहो, जन्म चालण्यात गेला त्या माणसाचा. ठिबक आलं नव्हतं तेव्हा केळीला पाटाचं पाणी असायचं. उजाडायच्या आत शेतात जायचं, अनवाणी, चिखलात पोटऱ्यांपर्यंत. माती ओढून एक सरी बंद करायची, दुसरी उघडायची, पाणी पुढे पळायचं आणि नाना पाण्याच्या मागे. चाललो असं कधी वाटलंच नाही, पाणी भरलं असं वाटायचं. आता मुलगा नीलेश पलंगावर पडल्या पडल्या मोबाइलवरून मोटार चालू करतो. नानांच्या पायांना काम उरलं नाही आणि पोट मात्र पुढे आलं.

तरी नूतनचं ते रडणं कानातून जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना निघाले. टोपी, पांढरा पायजमा, पायात चपला. मारुतीच्या देवळापर्यंत गेले नाहीत तोच मागून शेजारच्या हेमराजची मोटारसायकल येऊन थांबली.

"नाना, कुठी चालले?"

"कुठी नाही. असंच."

"असंच म्हंजे? बसा ना मंग, सोडतो."

"नाही रे, मी पायी..."

"पायी? अन् गाव मले काय म्हनीन? म्हातारा माणूस उन्हात चालून राह्यला अन् हेमराज गाडीवर? बसा!"

बसले. काय करतील? आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला रस्त्यावर चालू देणं म्हणजे त्याचा अपमान. हेमराजने शेतात सोडलं, वर चहा पाजला. येताना दुसऱ्याने बसवलं, त्यानेही चहा पाजला. रोज तेच. डॉक्टरने सांगितलंय म्हणून चालतो, असं म्हणायची नानांना लाज वाटायची. कामाशिवाय चालणारा माणूस गावात एक तर वेडा, नाहीतर तालुक्याहून आलेला साहेब! महिन्याने तपासलं तर साखर आणखी वर.

"चालताय ना बाबा?"

"रोज जातो साहेब," नाना म्हणाले. जात होतेच की.

घरी आल्यावर सुनंदाबाई म्हणाल्या, "लोकाईले नाही म्हनता येत नाही तुम्हाले. मंग असं काही घ्या खांद्यावर, की गाडीवर बसताच येनार नाही."

गोठ्याच्या भिंतीला बांबू टेकवलेले होते. केळीचा घड जड झाला की झाड वाकतं, त्याला टेकू द्यायचे ते. आता सगळे पट्ट्या बांधतात, बांबू तसेच पडून. नानांनी दहा फुटी एक उचलला आणि निघाले.

हेमराज आलाच. "बसा नाना, आडवा धरू." आडवा धरला तर त्याच्याच गाडीचा आरसा वाकला. उभा धरला तर विजेची तार. "जाऊ द्या, तुम्ही पायीच या!" असं म्हणून तो चिडून निघून गेला, आणि नाना रस्त्यात एकटेच खदखदा हसले.

रोज बांबू शेतात न्यायचा आणि रोज परत आणायचा. पंधरा दिवसांनी हेमराज ओट्यावर आला. "नाना, खरं सांगा. केयीले एकच टेकू, तो पन रोज नेता अन् रोज आनता. झाड काय रात्री घरी झोपाले येतं का?"

तेव्हा नानांनी सांगून टाकलं. साखर, डोळे, नूतन, सगळं. हेमराज म्हणाला, "आधी सांगाचं ना हो. मी काय चहा पाजून पाजून मारत होतो तुम्हाले?"

सुनंदाबाईंनी घरात वेगळीच आघाडी उघडली होती. गव्हाच्या पोळ्या बंद, कळण्याची भाकरी सुरू, ज्वारी-उडदाची, खरपूस. घरात केळीचे घड आणि मालकाला एक केळं खायची चोरी! चार दिवस नाना चिडले, बिनसाखरेचा चहा त्यांनी ओट्यावरून खाली ओतलाही. पण भाकरीचा तो वास आला आणि त्यांना शेताच्या बांधावरची न्याहारी आठवली. डोक्यावर पाटी घेऊन येणारी सुनंदा, तिच्या मागे फ्रॉकमधली नूतन, हातात हिरवी मिरची झेंड्यासारखी धरून. ती पाण्याच्या दांडात उतरायची आणि नाना ओरडायचे.

रस्त्यावरही तसंच व्हायचं. डोळ्यांना धुकं, पण पायांना सगळं ठाऊक होतं. इथे उतार आला म्हणजे जुनी विहीर आली. इथे वळण आलं म्हणजे चिंचेची सावली. चिंच तोडून किती वर्षं झाली, तरी नाना तिथे दोन क्षण थांबायचेच. पाऊस आला, पोळा झाला, गणपती झाले. एकदा ताप आला म्हणून आठ दिवस खंड पडला, तेव्हा वाटलं, संपलं आता. नवव्या दिवशी सुनंदाबाईंनी बांबू दाराशी आणून ठेवला.

दसऱ्याच्या सुमाराला साखर उतरली. डॉक्टरने तारीख दिली. पंधरा मिनिटं म्हणाला होता, तेवढीच लागली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर नूतन उभी होती. नाना बघतच राहिले. कानाजवळचे केस पांढरे, डोळ्यांखाली काळं, अंगाने जड झालेली. इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढे ती फ्रॉकमधलीच होती.

"तू कधी एवढी थकली गं?"

"नाना, सेहेचाळीसची झाले आता मी."

भाऊबीज करून नूतन परत निघाली. नीलेशने गाडी काढली, पण नाना म्हणाले, "पिशवी तू पुढे ने. आम्ही दोघं फाट्यापर्यंत पायी येतो." गाव ते फाटा दीड किलोमीटर. याच रस्त्याने ती शाळेत जायची, दप्तर पाठीवर आपटत, नानांच्या पुढे पळत, मागे वळून "चला ना हो नाना, उशीर झाला!" असं ओरडत.

आज फाटा दिसायला लागला तोच तिला धाप लागली. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर टेकली. "तुम्ही व्हा पुढे."

"पुढे कशाले जाऊ? मले कुठी जायचंय?"

तेवढ्यात फाट्यावरून एक एसटी निघून गेली. जळगावचीच असणार, यावलवरून जाणारी. नूतन घाबरून उठायला लागली. "गेली! आता पाचोऱ्याची पुढची गाडी चुकेल."

नानांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. "दुसरी येईन. घरी गेल्यावर चालत जाय रोज. आमच्यासाठी नको, तुझ्यासाठी."

"वेळ कुठे असतो हो नाना."

"मलेही नव्हता. पाय होते, ते वापरले."

दोघं बसून राहिले, केळीची पानं वाऱ्याने फडफडत होती. थोड्या वेळाने लांबून लाल ठिपका दिसायला लागला. नूतनने पदर सावरला. ठिपक्याची एसटी झाली तेव्हा नानांनी डोळ्यांवर आडवा हात धरला आणि तिची पाटी वाचली, एवढ्या लांबून, एकेक अक्षर.

"भुसावळची हाये," ते म्हणाले. "तुझी नाही. बस अजून जरा."