तपासून दिलेली कॅसेट

गणपतीच्या पहिल्या संध्याकाळची वंदना आमच्या टाउनशिपच्या मराठी मंडळात बरीच वर्षं मीच म्हणत होते. तरी रीत म्हणून, जिला म्हणायची असेल तिने घरी कॅसेट भरून द्यायची. कमिटीतले तिघं कारखान्यात तीन वेगवेगळ्या शिफ्टला, एका वेळी एका खोलीत बसून ऐकणं त्यांच्या नशिबातच नव्हतं. कॅसेट एकाच्या डब्याच्या पिशवीतून दुसऱ्याकडे जायची. त्याआधी बायका ती माझ्याकडून तपासून घ्यायच्या. नागपूरला मी गाण्याच्या चार परीक्षा दिलेल्या, घरात पेटी, म्हणून हा मान आपोआप माझ्याकडे आला. आणि तो मला फार आवडायचा, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी वरच्या क्वार्टरमध्ये उज्जैनची एक नवी सून राहायला आली होती. आषाढात एका सकाळी ती कॅसेट घेऊन खाली उतरली.

"ताई, जरा ऐकून घ्या नं. एकदम खरं सांगा हं, मी बिल्कुल बुरा नाही मानणार."

"गाणं शिकलीस कुठे?"

"कुठेच नाही. आई पोळ्या लाटताना गायची, तेच."

ठीक आहे, म्हटलं. पोळ्या लाटतानाचं गाणं. ऐकू.

मुलं शाळेत, हे ड्युटीवर. मी टेप लावला. आधी नुसती घरघर, मग कुकरची शिट्टी, मग ती. अगं बाई! आवाज असा मोकळा, की मी हातातली भाजी तशीच ठेवली. आणि शेवटी "गणराया" म्हणताना "रा"वर तिने एक जागा घेतली. जागा म्हणजे सुराचं एक छोटंसं वळण. जिना उतरताना मुलं शेवटची पायरी सोडून उडी मारतात ना, तशी ती सुरावरून खाली आली आणि बरोब्बर पायावर उभी राहिली. मी रिवाइंड करून पुन्हा ऐकलं. पुन्हा. मग पेटी काढून स्वतः म्हणून बघितलं. येईना. माझ्या मेलीच्या गळ्यात चार परीक्षा अडकलेल्या, ती जागा निघणार कुठून? असा जळफळाट झाला की दुपारी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी तिला बोलावलं. ती वही-पेन घेऊनच आली. मी सांगायला लागले. विजेवर टेप लावून भरू नकोस, घरघर येते, सेल घाल. पंखा बंद, फ्रिज बंद. शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजून गेला की मग भर. टेप जमिनीवर नको, उशीवर ठेव, तोंडापासून हातभर लांब. ओळीच्या मध्ये श्वास तुटतो, तो आधी घे. सगळं खरं होतं, तिच्या भल्याचं होतं. इथवर मी बरी बाई होते.

"आणि 'रा'वरची ती जागा काढून टाक," मी म्हटलं. "तिथे सूर हलतो."

सूर मुळीच हलत नव्हता.

"बाप रे, मला पताच नाही लागला!" तिने वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. "किती बारीक ऐकता हो ताई तुम्ही." दुसऱ्या दिवशी तिने तुपात बुडवलेले बाफले, त्यांच्याकडचे कणकेचे भाजलेले गोळे, पाठवले. मी खाल्ले.

दुसऱ्या कॅसेटमध्ये घरघर नव्हती, शिट्टी नव्हती. पण "रा"वर ती जागा आपोआप डोकावून गेली. "अजून हलतोय," मी म्हटलं, "सरळ म्हण, सरळ." तिसऱ्या कॅसेटमध्ये तिने ते इतकं सरळ म्हटलं, की शाळेत हजेरी देतेय असं वाटावं. त्या जागेच्या भीतीने तिने आधीच्या ओळीही आवळून धरल्या होत्या. मी पहिल्यांदाच तिला म्हटलं, "छान झालंय गं."

कमिटीने माझीच निवड केली. त्यातले अयोध्या नगरला राहणारे काका मला म्हणाले, "त्या वरच्या मुलीचा आवाज गोड आहे हो, पण गाणं अगदी सपाट." मी म्हटलं, "नवीन आहे. होईल तयार."

तिची पहिली कॅसेट मात्र मी परत केलीच नव्हती. ती चुकांची, म्हणून तिनेही मागितली नाही. महिनाभर घर रिकामं झालं की मी ती लावत होते आणि पेटीवर ती जागा घोटत होते. गणपतीला चार दिवस राहिले आणि एकदाची गळ्यातून निघाली.

पहिल्या संध्याकाळी मंडपात मी ती जागा घेतली. पुरुषांकडून "वा!" आली. मला इतक्या वर्षांत कुणी "वा" म्हटलं नव्हतं, नुसत्या टाळ्या मिळायच्या. ती सासूबरोबर पुढच्याच रांगेत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आरती झाल्यावर ती गर्दीतून वाट काढत आली. डोळे चमकत होते.

"ताई, तीच जागा नं? माझ्याकडून हलायची ती? तुम्ही किती पक्की घेतली! मला शिकवाल?"

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. खरंच शोधला, सापडला असता तर बरं वाटलं असतं. पण ती मनापासून विचारत होती. माझ्या तोंडात पेढा होता, तो गिळला आणि म्हटलं, "ये की सोमवारपासून. पण आधी सरगम पक्की करावी लागेल."

सोमवारी ती वही घेऊन आली. मग दोन वर्षं येत राहिली, एक दिवस चुकवला नाही. त्या जागेपर्यंत मी तिला पोचू दिलं नाही.