टाकीपाशी तिसरा गिअर

माझ्या सासूबाई गाडी चालवतात. हौस म्हणून नाही, धंदा म्हणून. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात वाजता त्या किडनीच्या पेशंटांना डायलिसिससाठी टेकडीवरच्या हॉस्पिटलात नेतात आणि दुपारी ज्याच्या त्याच्या दारात आणून सोडतात. वय एकसष्ट. वय मी मुद्दाम आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यावरूनच झाली.

गाडी सासऱ्यांनी घेतलेली, डिझेलची. ती घेतली आणि वर्षभरात त्यांच्याच किडन्या गेल्या. त्यांना हॉस्पिटलात कोण नेणार? एकोणपन्नासाव्या वर्षी सासूबाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. तिथला शिकवणारा म्हणाला, "मावशी, घरात कोणी तरुण नाही का?" त्या म्हणाल्या, "आहे, पण तो सध्या नापास होण्यात गुंतलाय." तो तरुण म्हणजे माझा नवरा. पुढे पास झाला, नोकरीला लागला आणि गाडी चालवायला शिकला तो आईकडूनच, याच गाडीवर आणि हॉस्पिटलच्या त्याच चढावर.

सासऱ्यांना नेताना मागची सीट रिकामीच असायची. तिथे हळूहळू शेजारच्या बेडवरचे पेशंट बसू लागले. चार वर्षांनी सासरे गेले. पंधरा दिवस सासूबाई घरात बसल्या आणि सोळाव्या दिवशी किल्ली घेऊन निघाल्या. "त्यांचं संपलं गं, पण बाकीच्यांचं चालूच आहे ना," एवढंच म्हणाल्या. मी तेव्हा घरात नवीन होते. मला वाटलं, काय कठोर बाई आहे! आता वाटतं, किती मूर्ख होते मी.

सध्या त्यांच्याकडे तिघं आहेत. पुढच्या सीटवर घड्याळजी. यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. मागे शाळेतल्या रिटायर्ड बाई, ज्या अजूनही सगळ्यांच्या चुका काढतात. आणि त्यांच्या शेजारी पोस्टमन, जे वर्षाला चार वाक्यं बोलतात. येताना ही माणसं पार गळून गेलेली असतात. खड्ड्यात गाडी आदळली तर बाईंच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणून सासूबाईंची गाडी अशी चालते की घड्याळजींच्या मांडीवरचा उघडा डबासुद्धा हलत नाही. बाकी कशाचा गर्व नाही त्यांना, पण याचा आहे आणि असायलाच हवा.

तर झालं असं, की कंपनीचं पत्र आलं. या मॉडेलच्या डिझेल गाड्या तपासणीत धूर कमी सोडतात आणि रस्त्यावर जास्त, असं उघडकीला आलंय, तरी गाडी घेऊन या, आतलं सॉफ्टवेअर बदलून देऊ. फुकट. अर्ध्या तासाचं काम. खाली जाड अक्षरांत लिहिलेलं: गाडीच्या पिकअपवर काहीही परिणाम होणार नाही.

"बघ की! म्हणजे इतकी वर्षं मी आजारी माणसांना नेत होते आणि मागे लोकांच्या नाकात विष सोडत होते," सासूबाई म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गेल्या. स्टिअरिंगखाली वायर जोडली, लॅपटॉपवर काहीतरी केलं, तोवर सासूबाईंचा चहा झाला. परत आल्या त्या खूश. "आवाज बघ कसा मऊ आलाय," मला खाली बोलावून दाखवलं त्यांनी. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. मी आपलं म्हटलं, हो, छान आलाय.

बुधवारी त्या दुपारी आल्या आणि न जेवता बसून राहिल्या. हॉस्पिटलच्या चढावर गाडी गचके देत बंद पडली होती. मागचा हॉर्न वाजवत होता, बाईंचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं होतं. शुक्रवारी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बंद पडली नाही, पण अशी धापा टाकत चढली की पोस्टमनांनी त्या वर्षातलं एक वाक्य खर्च केलं: "आम्ही उतरून चालत येऊ का?"

सासूबाई सर्व्हिस सेंटरला गेल्या. मी पण गेले सोबत. काउंटरवरच्या साहेबाने गाडीला हात न लावता स्क्रीन बघितली. "सिस्टीममध्ये सगळं ओके दाखवतंय. परिणाम होतच नाही, मावशी. तुमचं वय काय म्हणालात?"

माझं डोकं असं सटकलं! "गाडीचं विचारा," मी म्हटलं, "वय लग्न ठरवताना विचारतात." पण सासूबाईंनी माझा हात धरून बाहेर आणलं. एरवी नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण तिथे मूग गिळून गप्प. तेव्हाच मला धास्ती वाटली.

घरी माझ्या नवऱ्याने त्यात भर घातली. त्याचा जीव आहे आईवर, ते खोटं नाही. पण जीव असला म्हणून अक्कल असतेच असं नाही. "आई, बारा वर्षं झाली. आता पुरे. पाय पूर्वीसारखा पडत नसेल क्लचवर. त्यात लाज कसली?"

सासूबाई म्हणाल्या, "खरं आहे तुझं." तीनच शब्द.

नंतर त्यांनी जे काय सुरू केलं ते बघवत नव्हतं. डोळे तपासून आल्या. गुडघा तपासून आल्या. डॉक्टर म्हणाले दोन्ही ठणठणीत आहेत. तरी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाखाली डाव्या पायाने क्लच दाबल्यासारखं करत बसायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझी मी पडले धडपडले तर चालेल गं. पण मागे ती माणसं असतात. त्यांच्या हातात सुया टोचून टोचून जागा उरली नाहीये. माझ्यामुळे अजून एक धक्का कशाला?" आणि मग एका दमात सांगून टाकलं, की येत्या शुक्रवारी बंद. हॉस्पिटलमधल्या गाड्यांची व्यवस्था बघणाऱ्या क्लार्कला त्या सांगून आल्या होत्या. नवीन ड्रायव्हर मिळेपर्यंत मुलगा रजा काढून नेईल, असंही दोघांनी मला न विचारता ठरवलं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला आतून वाटत होतं की खोट गाडीत आहे. पण मी बोलून काय उपयोग? मला सायकलसुद्धा धड येत नाही.

बुधवारी मी दुकानातून सुट्टी घेऊन त्यांच्याबरोबर गेले. चढ संपल्यावर घड्याळजी मान मागे वळवून मला म्हणाले, "सूनबाई, एकाहत्तर सेकंद."

"कसले?"

"टाकी ते गेट. पाण्याच्या टाकीपासून हॉस्पिटलच्या गेटपर्यंत. मी दर खेपेला मोजतो, सवय आहे. तीन वर्षांत चौपन्नच्या वर कधी गेलं नाही. ते सॉफ्टवेअर बदललं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सत्तरच्या खाली येत नाही."

"बघा आई!" मी ओरडलेच. "एका रात्रीत कोणी म्हातारं होतं का?"

"होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुझे सासरे एका रात्रीतच झाले होते."

पण मी सोडणारी नाही. पेशंट आत गेल्यावर मी सासूबाईंना जवळजवळ ओढतच सर्व्हिस सेंटरला नेलं. काउंटर टाळून मागच्या बाजूने, जिथे खरं काम चालतं तिथे. एक पांढऱ्या मिशांचा मेकॅनिक हात पुसत होता. मी त्याला म्हटलं, "दादा, स्क्रीन बघू नका. गाडीत बसा."

बसला बिचारा. सासूबाईंनी त्याच चढावर गाडी घातली. वळणावर दुसरा, टाकीपाशी तिसरा, आणि गाडी गचके द्यायला लागली. मेकॅनिकने बाजूला घ्यायला सांगितली आणि वाकून डॅशबोर्डकडे बघितलं. इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा जो काटा असतो, त्याच्या काचेवर सासूबाईंनी पुठ्ठा चिकटवला होता. त्याच्यावर तिघांची नावं, घरून निघायच्या वेळा आणि डॉक्टरांचा नंबर.

"मावशी, हा काटा बघत नाही का तुम्ही?"

"काटा काय बघायचा? कान आहेत की मला. इंजिनची खडखड थांबून ते गुणगुणायला लागलं की गिअर टाकायचा. टाकीपाशी बरोबर गुणगुणतं."

तो मिशीत हसला. मग त्याने समजावून सांगितलं ते माझ्यासारखीलाही कळलं. धूर कमी व्हावा म्हणून आता इंजिनला डिझेल वेगळ्या पद्धतीने मिळतं. त्याने दोन गोष्टी झाल्या. एक, हळू फिरत असताना इंजिन पूर्वीएवढं ओढत नाही. हे खरं आहे, काउंटरवाले काही म्हणोत. आणि दुसरी, खडखड मुळातच कमी झाली. पूर्वी जे गुणगुणणं टाकीपाशी यायचं ते आता वळणावरच येतं. तेव्हा टाकीपाशी आवाज ऐकून वाटतं, गाडी केव्हाची तयार आहे. ती नसते. "तुमचा कान बरोबर आहे. गाडी खोटं बोलतेय. पुठ्ठा काढा, काटा दोनाच्या पुढे जाईपर्यंत दुसरा सोडू नका. टाकी विसरा."

पुठ्ठा काढला. पुन्हा खालून आलो. टाकी गेली, त्याच्याही पुढचं झाड गेलं, मग तिसरा टाकला आणि गाडी सरळ वर. पूर्वीइतकी झपाझप नाही, पण डबा हलणार नाही अशी.

मी टाळ्या वाजवल्या. सासूबाई मात्र घरी आल्यावर म्हणाल्या, "चांगला माणूस होता. माझं मन राखलं त्याने."

"अहो, मन काय राखलं! गाडी चढली ना?"

"चढली. पण बारा वर्षांची गाडी माझी, तिचा आवाज बदलला आणि मला कळलं नाही. हेच तर वय गं. शुक्रवारी ठरल्याप्रमाणे तुझा नवराच नेईल. मी मागे बसते, रस्ता दाखवायला." मी रात्री नवऱ्याला काट्याचं सगळं सांगायला गेले तर म्हणाला, "मला शिकवू नकोस, मी याच गाडीवर शिकलोय." मी म्हटलं, बरं बाबा.

शुक्रवारी मी पण गेले. घड्याळजींनी मोठ्या मनाने पुढची सीट मला दिली. मागे बाई, पोस्टमन, घड्याळजी आणि दाराशी अंग चोरून सासूबाई. पाच माणसं बसायच्या गाडीत आम्ही सहा, पण शेवटचा दिवस म्हणून बाईंनीसुद्धा चूक काढली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या मागे बसल्या होत्या. कुठे हात ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. मी आरशात बघत होते आणि मला रडू येत होतं.

चढ लागला. वळणावर नवऱ्याने दुसरा टाकला. गाडी गुणगुणायला लागली. टाकी आली. मी काही बोलले नाही, देवाशप्पथ. त्याने काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान किंचित तिरकी केली, हुबेहूब आईसारखी, कान दिला आणि तिसरा टाकला.

एक गचका, दोन गचके, आणि गाडी ठप्प.

मागे हॉर्न सुरू झाला. नवऱ्याने किल्ली फिरवली, पुन्हा पहिला, दुसरा, पुन्हा चार हात पुढे, पुन्हा मान तिरकी, पुन्हा तिसरा. ठप्प. चौतिसाव्या वर्षी, दोन्ही पाय धडधाकट, कपाळावर घाम.

मी आरशात बघितलं. सासूबाई आधी त्याच्या मानेकडे बघत होत्या, मग त्याच्या गिअरवरच्या हाताकडे. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. एवढ्या दिवसांनी त्यांचे खांदे सैल सुटले. आणि मग त्या हसल्या. आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून खदाखदा. बाई हसल्या, घड्याळजी हसले. नवरा कानापर्यंत लाल.

"उतर रे बाळा," सासूबाई म्हणाल्या, "वय झालंय तुझं."

तो उतरला. उतरताना त्याने आईचा हात धरला आणि म्हणाला, "चुकलो, आई." त्या म्हणाल्या, "तू नाही रे, मीच तसं शिकवलंय. मागे बस, बाईंना धक्का लावू नकोस." पुढे बसून त्यांनी सीट ओढून घेतली, आरसा नीट केला, काट्यावर नजर ठेवली आणि गाडी वर नेली. अलगद. मधे गेटपर्यंत कोणीच बोललं नाही, म्हणून मला गाडीचा नवा आवाज नीट ऐकू आला. चांगला आहे तो.

गेटवर क्लार्क वही घेऊन उभा होता. "मावशी, आज शेवटचा ना? नवीन ड्रायव्हरचं नाव द्या, सोमवारसाठी लिहून ठेवतो."

सासूबाईंनी काच पूर्ण खाली केली. "नाव तेच लिहा," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारी मागे एक जागा रिकामी होते, अजून कोणाला यायचं असेल तर विचारा."